मथुवहिनींची नर्मदा

मथुवहिनींना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. लग्न होऊन मला पंधरा दिवस झाले होते. नागपूरच्या महाल वस्तीतल्या आमच्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये एक विहीर होती, अर्धी आमची, अर्धी त्यांची. दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी मातीची भिंत होती, ती विहिरीच्या काठाशी येऊन थांबलेली. सकाळी मी बादली सोडली आणि भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला :

"पाच गड्यांना विहीर खणायला बारा दिवस लागतात. तीनच गडी लावले तर किती दिवस लागतील?"

मला वाटलं, मलाच विचारलं. मी खापा गावची, चौथी झालेली. उत्तर मनात आलंही, वीस. पण जीभ उचलेना. अनोळखी घर, अनोळखी आवाज. मी दोर धरून तशीच उभी राहिले.

"वीस," पलीकडचा आवाज म्हणाला. "शाबास."

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. पदर कमरेला खोचलेली एक बाई वांग्याच्या झाडासमोर उकिडवी बसली होती. पानं उलटून अळ्या वेचत होती आणि शाबासकी त्या झाडाला देत होती.

घरात जाऊन मी सासूबाईंना सांगितलं, "शेजारच्या वहिनी वांग्यांसंग बोलून राहिल्या."

"बोलू दे," सासूबाई म्हणाल्या. "घरात कोण आहे तिले बोलाले? नवरा फायलीत, सासू सोवळ्यात."

तेव्हापासून मला भिंतीपलीकडे पाहायची सवय लागली. सवय चांगली नव्हे, पण मी कुणाला काही विचारू शकत नसे, मग पाहण्यावाचून काय करणार.

त्या घरात चार माणसं होती. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, सेक्रेटरिएटात कारकून. उन्हाळा लागला की सरकार पचमढीला जाई, सरकारच्या मागे फायली जात आणि फायलींच्या मागे भाऊजी. चार वर्षांची शकू. आणि वहिनींच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणे. काकू ठेंगण्या, गोऱ्या, आवाज मात्र तीन घरांपलीकडे जाणारा. त्यांनीच एकदा विहिरीवर माझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगायचं होतं सासूबाईंना, पण ऐकावं सुनेनं, असा तो आवाज होता.

"सातवीची परीक्षा द्यायची म्हणते. बाहेरून. लेकरू झाल्यावर! आमच्या चिरंजीवांनी फॉर्मही आणून दिला. मी म्हटलं, दे बापा. पण माझ्या अटी ऐक. पुस्तक चुलीजवळ दिसायचं नाही. तुळशीजवळ, परसात दिसायचं नाही. दुपारी सगळी निजली की घे काय घ्यायचं ते. स्वयंपाकात चूक झाली तर पुस्तक माझ्याकडे जमा. आणि परीक्षा एकदाच. पास झाली तर झाली, नाही तर पुस्तकं बंबात."

मथुवहिनी खाली मान घालून घागर घासत होत्या. काकू आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खाप्याची ना तू?"

मी मान हलवली.

"मग खापेवाली, एक सांग. पुस्तक चुलीजवळ आणायचं नाही म्हणाल्या. पुस्तकातलं आणायचं नाही असं म्हणाल्या का?"

मी पुन्हा मान हलवली, नाही म्हणून. त्या हसल्या. पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला होता. तेव्हापासून मी त्यांची खापेवाली झाले. नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

त्यांच्या घरात घड्याळ एकच होतं आणि ते भाऊजींबरोबर कचेरीत जाई. वहिनींचं घड्याळ पाढ्यांचं होतं. भात चढवला की सतराचा पाढा सात वेळा. वरणाला तेवीसचा, कारण तो त्यांना कच्चा येई आणि वरण शिजायलाही वेळ लागे. दोन्ही अवघड गोष्टी एकत्र उरकाव्या, असं त्या म्हणत. गोळाभाताचे गोळे वळताना व्याकरण, कारण हात मोकळे नसले तरी तोंड मोकळं असतं. सांबारवड्या तळताना मात्र काहीच नाही. "तेल आहे," त्या म्हणत, "तेलापुढे शहाणपण करू नये." सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला मी कधी त्यांच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसे. मी काड्या वेगळ्या करी, त्या पानं चिरत आणि समास सोडवत. मी ऐके. मला समास येत नव्हते, पण कुठे थांबल्या की अडल्या, ते कळू लागलं.

गंमत म्हणजे ते पाढे घरभर पसरले. शकू बाहुलीला सतराचा पाढा म्हणून निजवी. आणि एक दिवस काकूंनीच भिंतीवरून माझ्या सासूबाईंना सांगितलं, "थांबा, येतेच. भात व्हायला अजून दोन सतरे आहेत." म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आमच्याकडे पाहून त्यांनी डोळे मोठे केले आणि आत निघून गेल्या.

पण अट ती अट. थंडीत एकदा वहिनींनी पातळभाजीत दोनदा मीठ घातलं. डोक्यात कुठलंसं गणित अडलं होतं. भाऊजी निमूट जेवून उठले. काकूंनी एक घास घेतला, ताट बाजूला केलं आणि म्हणाल्या, "आण." वहिनींनी चारही पुस्तकं आणून दिली. काकूंनी ती तांदळाच्या कोठीत टाकली आणि झाकणाला कुलूप लावलं. आठ दिवस.

ते आठ दिवस मी भिंतीवरून पाहत होते. वहिनी रडल्या नाहीत. परसात जास्त वेळ राहू लागल्या, एवढंच. आठ दिवसांनी पुस्तकं परत मिळाली तेव्हा त्यांनी मला एक पुस्तक उघडून दाखवलं. पानापानांत कडुनिंबाचा पाला होता.

"हा तुम्ही घातला?" मी विचारलं.

"मी कुठून घालणार? कोठीची किल्ली कुणाकडे असते?" त्या म्हणाल्या. "तांदळात पोरकिडे झालेत या वर्षी." पाला काढून टाकला नाही, तसाच राहू दिला.

लिहिण्याचंही त्यांचं एक होतं. भाऊजी कचेरीतून एका बाजूला लिहिलेले रद्दी कागद आणत. वहिनी ते दुमडून सुईदोऱ्यानं शिवत आणि कोऱ्या बाजूला रोज चार ओळी लिहीत. एक चुलीची, एक परसाची, एक पुस्तकाची, एक घरातल्या कुणाची. त्याहून जास्त नाही. मी एकदा विचारलं, जास्त का लिहीत नाही. म्हणाल्या, "जास्त लिहायला बसले तर पाचवी ओळ माझी येईल. ती नको." त्यांनी एक पान मला वाचून दाखवलं होतं, ते आठवतं : 'कोहळ्याची भाजी, गूळ कमी पडला. वालाला फूल आलं. इतिहास अकरावा धडा, झोप आली. शकू म्हणाली, चंद्राला आई नाही का.' बास. मला ते फार आवडलं. घरी जाऊन मी मनातल्या मनात आमच्या घराच्या चार ओळी जुळवल्या, पण चौथ्या ओळीत कुणाचं सांगावं, ते ठरेना.

त्यांच्या परसाचं कोडं मात्र मला बरेच दिवस सुटलं नाही. दिवाळीनंतर सगळे वाफे करतात. आमचे वाफे चौकोनी होते. वहिनींचे वाकडे, कुठे रुंद कुठे निमुळते, मध्येच शेपटासारखे. मधून मातीचा लांब उंचवटा, त्यावर रताळ्याचे वेल. वाटेत पांढरे खडे, पलीकडे चार काळे दगड. देवाच्या वातींचा कापूस सगळे तुळशीशेजारी लावतात, यांनी तो पार डाव्या हाताला, भिंतीजवळ लावलेला.

काकू म्हणत, "काय वं हे वाफे, उंदरानं कुरतडल्यासारखे?"

"पाणी जिकडे गेलं तिकडे जाऊ दिलं, सासूबाई."

"पाण्याला अक्कल नसते. माणसाला असावी."

माघ संपत आला होता. मुगवड्या घालायला मी आमच्या गच्चीवर गेले होते. ओल्या हातानं केस मागे सारले आणि सहज खाली पाहिलं. आमचं घर मावळतीला, त्यांचं परस उगवतीला, विहीर मध्ये. वरून ते परस मी कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी ओळखीचं वाटलं. मी मान डाव्या खांद्यावर टाकली आणि मग दिसलं. खाप्याच्या शाळेत फळ्याशेजारी कापडाचा नकाशा होता, कोपरा उंदरानं खाल्लेला. तोच हा. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. रताळ्यांचा उंचवटा म्हणजे सातपुडा. डावीकडचा कापूस म्हणजे वऱ्हाड. पांढरे खडे जबलपूर. काळे दगड बालाघाट, तिथे मँगनीज निघतं. मधोमध गुडघाभर उंचीचं संत्र्याचं रोप, ते कुठलं हे सांगायला नकोच.

मी मुगवड्या तशाच टाकून खाली पळाले. वहिनी पाणी ओढत होत्या. मला धाप लागली होती. मी नुसतं त्यांच्या वाफ्यांकडे बोट केलं आणि म्हटलं, "नागपूर. वर्धा. वैनगंगा."

त्यांनी मागे वळून पाहिलं, काकू आहेत का म्हणून. मग हळूच म्हणाल्या, "तापीला जागा पुरली नाही."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या शाळेचं सांगितलं. त्या पाचवीत होत्या. बाई फळ्यावर प्रांताचा नकाशा काढत होत्या, नर्मदेपर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात घरून निरोप आला, मुलीला पाहायला मंडळी आली आहेत. दुसऱ्या दिवसापासून शाळा नाही.

"अर्धा नकाशा घेऊन बोहल्यावर उभी राहिले बघ," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं विसरले असते. पण अर्धवट राहिलेलं विसरत नाही."

आता मला सांगायचं आहे ते माझ्या भित्रेपणाचं. दुसऱ्या दिवशी मुगवड्या उलटायला मी पुन्हा गच्चीवर गेले. वहिनींनी विहिरीजवळच्या डोणीत पाणी ओतलं. परसाला उतार होता, विहिरीकडून उगवतीकडे, कोपऱ्यातल्या लिंबाच्या झाडापर्यंत. पाणी निघालं. दक्षिणेच्या नद्यांचं ठीक होतं. पण वरच्या अंगाला सातपुड्याच्या पलीकडून जो मोठा पाट होता, ती नर्मदा. विहीर म्हणजे समुद्र. आणि नर्मदा समुद्रातून निघून डोंगराकडे चालली होती.

आम्हाला चौथीत गुरुजींनी छडी आपटून पाठ करून घेतलं होतं, सगळ्या उगवतीच्या, नर्मदा-तापी मावळतीच्या. मला पक्कं आठवत होतं. तरी वाटलं, मी चौथी, त्या सातवीच्या. मी काय सांगणार. उद्या सांगू. मग उद्याही नाही. असे दहा दिवस गेले. रोज सकाळी वहिनी पाणी ओतत, ओठांनी नद्या म्हणत, आणि पाणी उलटं जाई. मी पाहत राही.

परीक्षेला चार दिवस राहिले. मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. वहिनींनी परातीत कणीक घेतली, पाणी घालायच्या आधी ती तळहातानं सपाट केली आणि बोटानं नकाशा काढू लागल्या. भराभर. "परीक्षेत विचार करायला वेळ नसतो, खापेवाली. हात चालला पाहिजे नुसता." सीमा काढली, सातपुडा काढला, नर्मदेची रेघ ओढली आणि तिच्या टोकाला बाण केला. बाण उगवतीकडे.

"वहिनी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "वहिनी, नर्मदा उलटी वाहून राहिली."

"अं?"

"तुमच्या परसात. पाणी लिंबाकडे जाते. अन् आता बाणही तिकडंच गेला."

त्यांनी परातीकडे पाहिलं. कणीक पुसली, पुन्हा सपाट केली, पुन्हा रेघ. हात पुन्हा तिकडेच गेला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं.

"पुस्तकात वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "दहा वेळा वाचलंय, पश्चिमवाहिनी. कळतं मला. पण हाताला हेच माहीत आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "तुला केव्हा कळलं?"

"दहा दिवस झाले."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सातवीच्या," मी म्हणाले. "मले वाटलं, सातवीत बदलत असंन."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या आत मागून आवाज आला.

"कोणती नर्मदा?"

काकू दारात उभ्या होत्या. हातात जपमाळ, गोमुखीतून अर्धी बाहेर. वहिनींनी परात खाली ठेवली. शेंगा माझ्या मांडीवरून घरंगळल्या, त्या मी उचलल्याही नाहीत. चार दिवस राहिले होते. मी तोंड उघडलं नसतं तर काकूंना कधी कळलं नसतं.

"सासूबाई," वहिनी म्हणाल्या, "पुस्तक परसात आणलं नाही. नकाशा आणला."

आणि त्यांनी सगळं दाखवलं. हा सातपुडा, हे नागपूर, हा वऱ्हाड. काकू एकेका वाफ्यापाशी थांबत गेल्या. मी ओट्यावरून पाहत होते.

"म्हणजे मी रोज मेथी खुडते, ती कुठली?"

"होशंगाबादची."

"आणि मोरीचं पाणी सोडते ते?"

"छत्तीसगडात. तिथे भाताला पाणी लागतं."

काकूंनी मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूकडे पाहिलं. "आणि नर्मदा?"

वहिनींनी पाट दाखवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "उलटी झाली. उतारामुळे. खापेवालीनं आत्ता सांगितलं."

काकूंनी माळ गोमुखीत सारली. "होशंगाबादला मी गेले आहे," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे होते तेव्हा. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, सूर्याला अर्घ्य दिलं. ओंजळीत फूल होतं. मला वाटलं, ते पुढे जाईल, सूर्याकडे. ते माझ्याच पोटाला येऊन लागलं आणि मागे वाहत गेलं. माई सूर्याकडून येते. मला वाचता येत नाही, पण माझ्या पोटाला माहीत आहे." मग त्यांचा आवाज चढला, तो नेहमीचा, तीन घरांपलीकडचा. "माझ्या परसात नर्मदामाई उलटी वाहवून पास होणार होतीस?"

"वाफा उपसावा लागेल, सासूबाई. लिंबाकडे माती चढवावी लागेल. मेथी जाईल सगळी."

"मेथी बाजारात मिळते. नर्मदा मिळते?" काकूंनी लुगड्याचा काचा घट्ट केला. "कुदळ कुठे आहे? आणि तू वं, खापेवाली, भिंतीला टेकून काय पाहत राहतेस रोज? मला काय दिसत नाही होय? ये इकडे, माती उचल."

त्या दिवशी आम्ही तिघींनी होशंगाबाद खणून काढलं. शकू मेथीच्या जुड्या करत होती. लिंबाच्या बुंध्याशी मातीचा ढीग घातला, तो अमरकंटक. तिथून पाट उतरता केला, पार विहिरीपर्यंत. रात्री दोन्ही घरांत मेथीची भाजी होती.

पुढचे तीन दिवस पहाटेचं अर्घ्य काकूंनी लिंबाखाली दिलं. पूजेच्या तांब्यानं अमरकंटकावर पाणी सोडत आणि म्हणत, "हं, बघ." वहिनी पाण्यावर बोट रोखून त्याच्याबरोबर चालत, लिंबापासून विहिरीपर्यंत, पुन्हा लिंबापाशी, पुन्हा विहिरीपर्यंत. हाताची जुनी सवय सोडवायला तीनच दिवस होते.

परीक्षेला जाताना काकूंनी तळहातावर दही घातलं. संध्याकाळी टांगा आला तेव्हा आम्ही सगळ्या दारात होतो. काकूंनी पेपर कसा गेला असं विचारलं नाही.

"नर्मदा विचारली?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "वर्धा विचारली."

"वर्धा?" काकूंना ते खरंच वाटेना. "नर्मदा सोडून वर्धा?"

निकाल उन्हाळ्यात आला. भाऊजी पचमढीला होते, त्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी चिठ्ठी आणून दिली. भूगोलात उत्तम, मराठीत उत्तम, गणितात नापास. वहिनींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग आत जाऊन चारही पुस्तकं आणली आणि काकूंच्या पुढे, बंबाशेजारी ठेवली. अट होती. मी विहिरीवर होते, दोर हातातच होता.

काकू बंबात गोवऱ्या सारत होत्या. पुस्तकांकडे पाहून म्हणाल्या, "हे काय?"

"एकदाच म्हणाला होतात."

"नर्मदा विचारलीच नाही," काकू म्हणाल्या. "मग ती परीक्षा झाली कुठे? ती धरायची नाही. उचल ती पुस्तकं, कोठीत टाक. पाला मी घालते."

दुसऱ्या वर्षी वहिनी पास झाल्या. त्या वर्षी परसात नकाशा नव्हता, गणितं होती. मिरच्यांच्या ओळी, टमाट्यांच्या ओळी, किती गडी, किती दिवस. मी भिंतीपलीकडून उत्तरं देऊ लागले होते. सगळी नाही, येत असत ती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत भाऊजींचे डोळे अधू झाले. फायलीतलं अक्षर दिसेना, नोकरी सुटली. तेव्हा वहिनींची सातवी घराच्या कामाला आली. त्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि त्यांना जागा मिळाली ती माझ्याच खाप्याला, मुलींच्या शाळेत. भाऊजी, काकू, शकू, सगळी तिकडे गेली. जायच्या दिवशी वहिनींनी मला शिवलेली एक कोरी वही दिली. "चारच ओळी," म्हणाल्या. "पाचवी आली तर येऊ दे. तुझं वेगळं आहे."

ती वही दोन वर्षं माझ्या पेटीत कोरी राहिली. शेजारच्या घरात दुसरी माणसं आली. त्यांनी चौकोनी वाफे केले, पण लिंबाखालचा मातीचा ढीग त्यांना काढावासा वाटला नाही. पाऊस पडला की तिथलं पाणी अजून विहिरीकडे येई.

मग धाकट्या भावाच्या लग्नाला मी खाप्याला गेले. आई म्हणाली, तुझी नागपूरची मास्तरीण इथं आहे, भेटून ये. मी दुपारी शाळेकडे गेले. कुंपणाशी पोहोचले आणि पाय थांबले. पोरी अंगणात गोल बसल्या होत्या. मध्ये मातीचा नकाशा होता, चांगला ऐसपैस, तापीसकट. पायरीवर काकू बसल्या होत्या, वाळून गेलेल्या, डोळे मिटलेले, पण एका पोरीनं तांब्या कलता केला तशा ओरडल्या, "मावळतीकडे गं, मावळतीकडे!" पाणी मावळतीकडेच जात होतं.

मथुवहिनी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. दोन-चार केस पांढरे झाले होते, पदर तसाच कमरेला खोचलेला. त्या म्हणाल्या, "आता आपलं गाव ठेवा." एक लहान पोर उठली, हातात गोटा घेऊन. पेंच कन्हान नदीला मिळते तिथे दोन ओहोळ एकत्र येऊन चकाकत होते. पोरीला ती जागा आवडली असावी. तिनं गोटा तिथंच ठेवला.

खापा तिथं नाही. खापा वर आहे, पेंच पुढे मिळते. मी लहानपणी कन्हानवर धुणं धुतलं आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी गोटा हलवायला उठलं नाही. वहिनींनाही कळलं नव्हतं, त्या नागपूरच्या.

"बाई," मी कुंपणाबाहेरून म्हटलं. सगळ्या पोरींनी वळून पाहिलं. तरी म्हटलं, "खापा तिथं नाही. थोडं वर पाहिजे. पेंच पुढं मिळते."

वहिनी वळल्या नाहीत. त्यांचे खांदे हलले, हसताना हलत तसे. पोरीकडून त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि तो हात मागे केला, कुंपणाच्या दिशेनं, माझ्याकडे.

"ये खापेवाली," त्या म्हणाल्या. "दाखव त्यांना."